राख, धूळ आणि किरणोत्सर्ग : नेमकी काळजी कशाची करावी?





रविवार, दि. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी आफ्रिकेतील इथिओपिया देशाच्या अफार प्रांतात हायली गुब्बी नावाच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत हा ज्वालामुखी जागा झाल्याची नोंद नव्हती. राखेचा लोट जवळजवळ १४ किलोमीटर उंच चढला. उंचावरच्या जोरदार वाऱ्यांनी तो तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारतावर आणला. गुजरात, राजस्थान, दिल्ली, हरियाणा व पंजाब यांच्या आकाशातून हा ढग पुढे गेला. काही विमानफेऱ्या रद्द झाल्या, काही विमानांचे मार्ग बदलले, आणि दि. २५ रोजी संध्याकाळपर्यंत ढग चीनच्या दिशेने सरकला.

आपला दादरा व नगर हवेलीचा भाग गुजरातला अगदी लागून असल्याने आपल्याकडेही या बातमीची चर्चा झाली. मोबाईलवर आलेले संदेश पाहून काही पालकांनी आमच्याकडे विचारणा केली. या राखेत किरणोत्सर्ग असतो काय? मुलांना घरात कोंडून ठेवावे काय? आयोडीनच्या गोळ्या द्याव्यात काय? प्रश्न मुलांच्या प्रकृतीचा असल्याने घाईने 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागणार नाही. विषय थोडा सविस्तर समजून घेऊ.

राख म्हणजे काय?

चुलीतली राख ही लाकूड जळून उरते. ज्वालामुखीची राख तशी नसते. तिच्यात काही जळलेले नसते. जमिनीखालचा तप्त शिलारस वर येतो, त्यातले वायू जोराने सुटतात आणि शिलारसाचे तुषार हवेत उडून क्षणात थंड होतात. त्यातून खडकाचे व काचेचे अतिशय बारीक, धारदार कण तयार होतात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान अशा कणांना शास्त्रज्ञ ज्वालामुखीची राख म्हणतात. थोडक्यात, ही दळलेल्या दगडाची धूळ आहे. म्हणून तिच्यात किरणोत्सर्ग किती, याचे उत्तर मूळ खडकात तो किती, यावर अवलंबून असते.

दगडात किरणोत्सर्ग कुठून आला?

येथे शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि आपल्या मुलांच्या हाती हिंदी पुस्तकेही असतात. तिथे 'रेडियोधर्मिता' आणि 'विकिरण' असे शब्द भेटतात. मराठीत पहिल्याला 'किरणोत्सर्ग' व असा गुण असलेल्या पदार्थाला 'किरणोत्सारी' म्हणतात. अर्थ असा की, काही अणू अस्थिर असतात. ते आपोआप फुटतात आणि फुटताना कण किंवा किरण बाहेर टाकतात. एका सेकंदात एक अणू फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. या किरणांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्यासाठी मिलिसिव्हर्ट हे एकक वापरतात.

पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनच तिच्यात तीन मुख्य किरणोत्सारी द्रव्ये आहेत : युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४०. पोटॅशियम-४० निम्मे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३८ ला सुमारे ४४७ कोटी आणि थोरियमला सुमारे १४०० कोटी. इतक्या संथपणे ती कमी होत असल्याने आजही प्रत्येक दगडात, मातीत, विटेत आणि धान्यात ती थोडी थोडी आहेत. आपल्या शरीरातही आहेत. केळी, बटाटा, शहाळ्याचे पाणी यांतून पोटॅशियम पोटात जाते. ते शरीराला आवश्यकच आहे, पण त्याचा अगदी छोटा अंश पोटॅशियम-४० असतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे ४००० अणू फुटत असतात. हे आजोबा-पणजोबांच्या काळीही होत होते.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने जगातील माणसाला निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेची सरासरी काढली आहे. ती वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. तिची विभागणी अशी : हवेतील रेडॉन वायूमुळे सुमारे १.२६, जमीन व भिंतींमुळे ०.४८, आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे ०.३९ आणि अन्नपाण्यामुळे ०.२९. तुलनेसाठी सांगायचे तर छातीचा एक साधा एक्स-रे काढताना ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते.

आपण ज्वालामुखीच्याच अंगणात राहतो

हायली गुब्बी येथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर आहे. पण सिल्वासाहून खानवेल-दुधनीकडे जाताना दिसणारे डोंगर, दमणगंगेच्या पात्रातले काळे खडक, मधुबन धरणाभोवतालचे कडे, हे सर्व ज्वालामुखीनेच घडवले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत या थरांची जाडी २००० मीटरहून अधिक भरते. अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरली आणि आपल्या किल्ल्यांचे तट याच दगडाने बांधले. या काळ्या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. तो झिजूनच कापसाची काळी माती झाली.

आता मुख्य मुद्दा पाहू. सर्व ज्वालामुखींचा खडक सारखा नसतो. ज्या शिलारसात सिलिका जास्त, त्यात साधारणपणे युरेनियम, थोरियम व पोटॅशियमही जास्त असते. बेसॉल्टमध्ये सिलिका कमी, म्हणून ही द्रव्येही कमी. ग्रॅनाइटमध्ये एका टनामागे साधारण ३ ते ५ ग्रॅम युरेनियम सापडते, तर बेसॉल्टमध्ये बहुधा एक ग्रॅमहूनही कमी. म्हणजे जमिनीतून मिळणाऱ्या किरणांच्या बाबतीत दख्खनचा दगड हा सौम्य दगडांपैकी आहे. ज्वालामुखी म्हटले की आपल्याला आग व विनाश आठवतो, परंतु त्याने दिलेली ही जमीन किरणोत्सर्गाच्या दृष्टीने भारतातील अनेक भागांपेक्षा शांत आहे.

याच्या उलट उदाहरण केरळात आहे. कोल्लम जिल्ह्यातील चवरा व करुनागपल्ली या किनारपट्टीवर मोनाझाइट नावाचे खनिज असलेली वाळू आहे, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम भरपूर असते. तिथे ज्वालामुखी नाही, तरी काही वस्त्यांमध्ये नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या अनेक पटींनी जास्त आहे. तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. तेथील रहिवाशांच्या कॅन्सर नोंदणीवर आधारलेला मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे कॅन्सर वाढल्याचे दिसून आले नाही. यावरून किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असा अर्थ कोणी काढू नये. मोठ्या मात्रेत तो घातकच आहे. मात्रा किती, हे विचारल्याशिवाय भीतीही धरू नये आणि निष्काळजीही होऊ नये, एवढाच याचा बोध आहे.

एक हिशेब : विद्यार्थ्यांसाठी

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. नोव्हेंबरमधील राख विमानांच्या उंचीवरून गेली, जमिनीवर ती फारशी उतरली नाही. तरीही मुद्दाम वाईट बाजू गृहीत धरू. समजा, दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम राख होती. मोठा माणूस दिवसाला सुमारे २० घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसभरात २००० मायक्रोग्रॅम, अर्थात २ मिलिग्रॅम राख श्वासातून गेली.

या राखेत ग्रॅनाइटइतकी किरणोत्सारी द्रव्ये आहेत असे मानले आणि त्यांच्यापासून तयार होणारी पुढची सर्व द्रव्येही मोजली, तर २ मिलिग्रॅम राखेत एक हजार सेकंदांत जेमतेम चार-पाच अणू फुटतील. तेवढ्याच एक हजार सेकंदांत आपल्या स्वतःच्या शरीरात सुमारे ४० लाख अणू फुटतात. फुफ्फुसात अडकलेल्या काही कणांतून अल्फा किरण निघतात आणि ते पेशींना सुमारे वीस पट अधिक त्रासदायक मानले जातात, हे खरे आहे. पाचाला वीसने गुणले तरी १०० होतात. चाळीस लाखांपुढे १०० किती, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.

पूर्ण चित्रासाठी आणखी एक गोष्ट नमूद करतो. उद्रेकाच्या वेळी ज्वालामुखीच्या वायूंबरोबर रेडॉन आणि पोलोनियम-२१० ही द्रव्येही बाहेर पडतात. इटलीतील एटना ज्वालामुखीच्या धुरात शास्त्रज्ञांनी ती मोजली आहेत. तोंडाजवळ काम करणाऱ्यांनी याचा विचार करायचा असतो. हजारो किलोमीटर प्रवासात हा धूर प्रचंड हवेत मिसळून विरळ होतो.

राखेतले घड्याळ

ज्या किरणोत्सर्गाची आपण भीती बाळगतो, तोच शास्त्रज्ञांना उपयोगीही पडतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथील नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. बेसॉल्टच्या प्रदेशात असूनही ही राख दख्खनच्या लाव्हाची नाही. ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, सुमारे तीन हजार किलोमीटरवरून आली. म्हणजे दूरदेशीची राख आपल्याकडे येणे ही नवी गोष्ट नाही.

या राखेचे वय कसे काढतात? पोटॅशियम-४० फुटून त्याच्या काही भागापासून आर्गॉन वायू बनतो. शिलारस वितळलेला असताना हा वायू निघून जातो. तो गोठला की नवा आर्गॉन स्फटिकात अडकू लागतो आणि जणू घड्याळ सुरू होते. किती आर्गॉन साठला ते मोजले की वय समजते. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा आहे. बोरीची राख त्याच उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर विद्वानांत बराच वाद झाला. काहींनी तिचे वय लाखो वर्षे काढले. नदीकाठच्या राखेत जुने-नवे कण मिसळले की मोजणी अवघड होते. विज्ञानात मतभेद असतात आणि ते पुन्हा मोजून सोडवायचे असतात, हेही मुलांनी येथून शिकावे.

मग धोका कशाचा?

धोका आहे, पण तो कणांचा आहे. २४ जून १९८२ रोजी लंडनहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान इंडोनेशियातील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. काचेसारखे कण इंजिनाच्या उष्णतेने वितळून आत चिकटले होते. विमान खाली आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जाकार्ताला सुखरूप उतरले. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे विमाने थांबवली ती याच कारणाने.

माणसाच्या बाबतीत धोका डोळ्यांना, घशाला आणि फुफ्फुसांना आहे. याचे सर्वांत दुःखद उदाहरण शोधायला इथिओपियाला जावे लागत नाही. दख्खनच्या लाव्हातील पोकळ्यांमध्ये सिलिका साचून अकीक हा सुंदर दगड तयार होतो. गुजरातेत भरूच जिल्ह्यातील रतनपूर भागातून तो काढतात आणि खंभात येथे त्याचे मणी घासून चकचकीत करतात. घरोघरी चाकावर मणी घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षे छातीत गेल्याने तेथील अनेक कारागिरांना सिलिकोसिस झाला. या रोगात फुफ्फुसे कडक होतात, दम लागतो, क्षयरोग लवकर जडतो, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांचीही हीच कहाणी आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तशा पेन्सिलीने बाराखडी गिरवली असेल. या लोकांना किरणोत्सर्गाने गाठले नाही. साध्या धुळीने गाठले.

आपल्या बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका फार कमी असते, म्हणून खडीची धूळ अकीकाच्या धुळीइतकी विषारी नाही. तरी ती छातीला चांगली नाहीच. खडी-क्रशरवर, दगडखाणीवर, बांधकामावर काम करणारे पालक आपल्या शाळेच्या परिवारात असू शकतात. आकाशातून गेलेल्या राखेपेक्षा त्यांच्या रोजच्या धुळीचा प्रश्न आम्हाला अधिक जवळचा वाटतो.

खिडक्या आणि गोळ्या

शेवटी पालकांच्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. पहिला प्रश्न दारे-खिडक्या बंद ठेवण्याचा. खरोखर राख पडत असेल तर त्या काही तास बंद ठेवणे योग्य. पण किरणोत्सर्गाच्या भीतीने घर दिवसच्या दिवस कोंडून ठेवणे उलट परिणामाचे आहे. माती व भिंतींतून रेडॉन वायू सतत बाहेर पडत असतो आणि कोंडलेल्या खोलीत तो साठतो. निसर्गातून मिळणाऱ्या मात्रेचा सुमारे निम्मा वाटा त्याचाच आहे हे वर पाहिलेच. धूम्रपानानंतर फुफ्फुसांच्या कॅन्सरचे ते एक मोठे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यावर सोपा उपाय आहे : हवा खेळती ठेवणे. आपल्या जुन्या घरांच्या समोरासमोरच्या खिडक्या या दृष्टीनेही शहाणपणाच्या होत्या.

दुसरा प्रश्न आयोडीनच्या गोळ्यांचा. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत येऊ शकते, तेव्हाच या गोळ्यांचा उपयोग होतो, आणि तोही शासनाने सांगितल्यावरच. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात आहे, त्यामुळे ही माहिती आपल्याला असणे बरे. ज्वालामुखीच्या राखेवर मात्र आयोडीनचा काही उपयोग नाही. विनाकारण घेतल्यास थायरॉईडचा त्रास होऊ शकतो. कोणीही स्वतःच्या मनाने मुलांना ती देऊ नये.

घरी आणि शाळेत काय करावे?

१. केर काढण्यापूर्वी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे. कोरड्या झाडूने धूळ पुन्हा हवेतच जाते. वर्गांतही मुले येण्यापूर्वी ओले पुसणे व्हावे, असे आम्ही सेवक वर्गास सांगितले आहे.

२. खडूचे डस्टर वर्गाबाहेर झटकावे, मुलांच्या तोंडासमोर नाही.

३. धुळीच्या रस्त्याने सायकलवर येणाऱ्या मुलांनी नाका-तोंडावर मास्क लावावा. अतिशय बारीक धुळीसाठी एन-९५ प्रकारचा मास्क चांगला. साध्या रुमालाने मोठे कण अडतात, बारीक नाही.

४. डोळ्यांत धूळ गेल्यास चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे.

५. पिण्याच्या पाण्याची भांडी व टाक्या झाकून ठेवाव्यात.

६. दगड फोडण्याच्या वा घासण्याच्या कामावरून आलेल्या पालकांनी कपडे बाहेर झटकून, हातपाय धुऊन मगच मुलांना जवळ घ्यावे. खोकला किंवा दम लागणे बरेच दिवस राहिल्यास दवाखान्यात दाखवताना आपले काम काय आहे ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

७. दम्याचा त्रास असलेल्या मुलांची नावे पालकांनी वर्गशिक्षकांकडे द्यावीत, म्हणजे धुळीच्या दिवशी त्यांना मैदानावर पाठवणार नाही.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती आहे. मैदानाच्या रस्त्याकडील बाजूला झाडांची दाट रांग लावली आणि प्रवेशद्वारापासून वर्गांपर्यंतची वाट फरसबंद केली, तर वर्षभर उडणारी धूळ बरीच कमी होईल. खर्चाचा अंदाज आम्ही पुढील सभेत मांडू.

विद्यार्थ्यांनो, पुन्हा कधी मोबाईलवर एखादा भीतीदायक संदेश आला तर तो पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : कोणता पदार्थ? किती मात्रा? कशाच्या तुलनेत? उत्तरे मिळाली नाहीत तर विज्ञानाच्या शिक्षकांकडे या. आपण मिळून हिशेब करू.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक